क कशाचाच नाय

मंजुषाबाईंनी पहिलीच्या पोरांना "क कमळाचा" शिकवलं आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत भूकंप झाला. शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब मिशा फेंदारून वर्गात शिरले. त्यांची नात ईश्वरी आदल्या संध्याकाळी त्यांच्या पक्षाच्या पाहुण्यांसमोर तेच तालासुरात म्हणाली होती, आणि पाहुणे चहा अर्धा टाकून उठले होते.

"बाई, शाळंत परचार करता व्हय?"

"अहो, मुळाक्षरं आहेत ती."

"आमाला शिकवू नका! पुन्यांदा राजकारण दिसलं तर बदली. थेट सोयगावला!"

बाई रोज शहरातल्या उस्मानपुऱ्याहून जीपनं यायच्या. सोयगाव म्हणजे जिल्ह्याचं पार टोक, घरचं तोंड दिवाळीलाच. त्यांनी मुकाट्यानं कमळ पुसलं.

मग सरपंच बद्रीनाथ यांना "घ घड्याळाचा" टोचला. चित्र गेलंच, भिंतीवरचं घड्याळही उतरलं. शाळा आता म्हशी परतल्या की सुटायची. मशाल, धनुष्य, तुतारी, हत्ती, जो येई तो एकेक पुसून जाई. शेवटी काकासाहेबांना हाताचाही संशय आला.

"पोरं हात वर करत्यात. ते बी बंद!"

तेव्हापासून लघवीला जायचं असलं, काही बोलायचं असलं की पोरं पाय वर करायला लागली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "क कशाचा?" सगळा वर्ग ओरडला, "कशाचाच नाय!" साहेब खूश. म्हणाले, "वा, किती निष्पक्ष वर्ग!"

मग पंचायत समितीची निवडणूक लागली. पक्षानं काकासाहेबांचं तिकीट कापलं. ते फुरंगटून अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं, फळा.

पेढे घेऊन ते वर्गात आले, तर फळ्यावर सतरंजी!

"ह्ये काय?"

"राजकारण, काकासाहेब. झाकलंय."

"अवो, फळ्याबिगर शाळा असती व्हय? उघडा की! पोरं घरी जाऊन म्हनतील, फ फळ्याचा..."

"आणि मी जाईन सोयगावला."

"कोन धाडतंय? मी हाय ना! जरा ऐका तर माझं..." बोलता बोलता त्यांनी हात वर केला.

वर्गात एकच कालवा उठला. ईश्वरी ताडकन उभी राहिली.

"आबा, हात खाली! बोलायचं असंल तर आदी पाय वर करायचा."

काकासाहेबांनी बाईंकडं पाहिलं. बाई सतरंजीचं टोक नीट करत होत्या. काकासाहेबांनी दाराबाहेर कुणी मतदार नाही ना, ते पाहिलं. मग एका हातानं भिंत धरली आणि दुसऱ्यानं धोतर सावरलं.