नियम एक, पोटनियम सोळा

माणूस अन्नावर जगतो, असे सर्वत्र सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. माणूस अन्नावर जगतो आणि अपवादांवर पोसला जातो. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कोणत्याही कार्यालयाची कोणतीही नियमावली उघडून पाहावी. नियम एका ओळीचा असतो आणि कायम हडकुळा असतो. त्याच्याखालचे पोटनियम मात्र चांगले बाळसे धरतात. (त्यांच्या नावात पोट का आहे, याचा उलगडा पुढे होईल.)

कलमसाहेब हे नियमावली शाखेचे हेडक्लार्क, वय वर्षे एक्कावन्न आणि महिने आठ. त्यांचे खरे नाव सेवापुस्तकात आहे. बाकी सगळीकडे ते कलमसाहेब. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत त्यांनी एकही नियम मोडला नाही. नियम मोडायचा नसतो, पोटनियम जोडायचा असतो, हे त्यांचे तत्त्व. कर्मचाऱ्यांना लिफ्ट वापरण्यास मनाई करणारा त्यांचा नियम आजही लागू आहे, आणि त्याच्या अकरा पोटनियमांमुळे आजही सगळे कर्मचारी लिफ्टनेच जातात. (जिना आहे. त्यात जुन्या फायली ठेवल्या आहेत.)

अशा या निष्कलंक माणसाच्या रक्तात कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट निघाले.

"तीन महिने दूध, लोणी, अंडी, मांस, मासे सगळं बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डाळी, भाज्या, फळं, धान्य खा. रोज अर्धा तास चाला. मग परत तपासू."

"यात काही शिथिलता?" कलमसाहेबांनी विचारले.

"ते तुमच्या रक्तवाहिन्यांना विचारा."

बायको शेजारीच बसली होती. ती घरी शिवणकाम करते. बोलते कमी, मापते जास्त. तिचे सासरे बावन्नाव्या वर्षी बूट घालायला खुर्चीत बसले आणि एक बूट घालून तसेच राहिले. ते तिने पाहिले होते. तिला नवरा दोन्ही बुटांत हवा होता. ती घाबरली होती, आणि घाबरली की ती कामाला लागते. संध्याकाळपर्यंत तिने फ्रीज रिकामा केला, कडधान्ये भिजत घातली आणि स्वतःच्याही चहातले दूध बंद केले. "एका घरात दोन पातेली कशाला?" एवढेच म्हणाली.

कलमसाहेबही मागे राहिले नाहीत. त्यांनी त्याच संध्याकाळी 'वनस्पतिजन्य आहार (वैयक्तिक) नियमावली' तयार करून फ्रीजवर चिकटवली. नियम १ : प्राण्यांपासून मिळणाऱ्या कोणत्याही पदार्थाचे सेवन केले जाणार नाही. मसुदा इतका स्वच्छ होता की त्यांना स्वतःलाच भरून आले. एक प्रत कार्यालयात लावली.

पहिल्या आठवड्यात त्यांनी 'मी आता वीगन आहे' हे वाक्य एकशे सेहेचाळीस वेळा उच्चारले. यांपैकी विचारणा झाल्यावर, दोन वेळा. (एकदा विचारणारा गॅस सिलेंडरवाला होता, आणि त्याने दुसरेच काही विचारले होते.)

माशी शिंकली ती चौथ्या दिवशी, अकरा वाजताच्या चहाला. कार्यालयाचा चहा एकाच किटलीत दूध घालून उकळतो. न प्यावा तर सहकाऱ्यांचा अपमान, प्यावा तर नियमभंग. कलमसाहेबांनी टाक उचलला. पोटनियम (अ) : कार्यालयीन चहातील दूध हे चहाचेच अंग मानावे, त्यास स्वतंत्र अस्तित्व नाही. दुसऱ्या आठवड्यात टायपिस्टबाईंच्या मुलीचा वाढदिवस आला. पोटनियम (आ) : मूळ आकार गमावलेले अंडे हे अंडे नव्हे. मग केक आला, मग बिस्किटे आली, मग ऑम्लेटही आले, कारण ऑम्लेटात तरी अंड्याचा मूळ आकार कुठे राहतो? मधाचा प्रश्न तर दोन मिनिटांत सुटला. मध फुलांचा, मधमाशी केवळ वाहतूकदार.

शिपायाने एकदा सुचवले, "साहेब, बोकड पालाच खातो. म्हणजे मटण पाल्याचंच झालं की!" कलमसाहेब संतापले. ही पळवाट होती, आणि पळवाट व पोटनियम यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने शिपाईच राहावे, असे त्यांचे मत पडले. मटणाची बाब त्यांनी रीतसर हाताळली. त्यांनी 'सेवन' या शब्दाची व्याख्याच केली. सेवन म्हणजे बसून, ताटात वाढून घेऊन खाणे. उभ्याने, कागदात घेऊन खाल्लेल्या पदार्थाची केवळ चव घेतली, असे समजण्यात यावे. या व्याख्येनंतर कोपऱ्यावरच्या गाडीवर रोज संध्याकाळी तळलेल्या कोंबडीची चव घेताना त्यांच्या मनाला अजिबात टोचणी लागली नाही. उलट पाय दुखायचे, त्यामुळे आपण काही तरी सोसतो आहोत असे वाटे.

बायकोचा डबा ते न चुकता नेत. तो चवीला चांगलाच असे, पण तोवर पोटात जागा उरत नसे. अर्ध्याहून जास्त डबा परत येई. टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून संध्याकाळी बायको तेच खाई. रोज अर्धा तास चालण्याचे कामही त्यांनी तिच्याकडेच सोपवले. भाजी तीच आणत होती. एकाच रस्त्याने दोघांनी जाणे म्हणजे मनुष्यबळाचा अपव्यय. (पोटनियम बारावा : अधिकारांचे प्रत्यायोजन.)

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पँटचे बटण तुटले. बायकोने टेप लावली.

"अहो, दोन महिने पालाच खाताय ना?"

"नियमाप्रमाणे."

"मग कंबर दीड इंच वाढली कशी?"

"अगं, पाल्यात फायबर असतं. ते फुगतं."

टेपला पोटनियम कळत नव्हते. बायकोने ती गळ्यात अडकवली आणि पँटची शिवण उसवायला घेतली.

इकडे कार्यालयात कीर्ती पसरली. एक्कावन्नाव्या वर्षी माणूस वीगन होतो, आणि तोही इतका आनंदाने, हे पाहून मोठ्या साहेबांनी 'सुदृढ कर्मचारी' योजनेखाली ही नियमावली पोटनियमांसह सर्वांना लागू केली. शाखेतले सत्तेचाळीस कर्मचारी एका दिवसात वीगन झाले. कॅन्टीनला पदार्थांच्या फळ्यावरची एक ओळही बदलावी लागली नाही. इतकी मोठी आहारक्रांती इतक्या शांततेत दुसरीकडे कुठे झाली असेल, असे वाटत नाही.

तीन महिने भरले. बायको म्हणाली, "मीही रक्त देते. सोबत होईल." आठवड्याने तपासणी केंद्रातून दोन पाकिटे आली, दोन्हींवर फक्त आडनाव. कलमसाहेबांनी वरचे फोडले. कोलेस्टेरॉल : एकशे अठ्ठावन्न.

त्यांनी तो कागद छातीशी धरला आणि तसाच कार्यालयात नेला. मोठ्या साहेबांनी भाषण केले. केक कापला गेला. (अंडे मूळ आकारात नव्हते.) एक तुकडा रुमालात गुंडाळून त्यांनी घरी आणला आणि बायकोपुढे कागद धरला.

बायकोने तो वाचला. मापे वाचायची सवय असल्यामुळे ती वरच्या ओळीपासून वाचते.

"अहो, इथं 'स्त्री' लिहिलंय."

दुसरे पाकीट तिनेच फोडले. त्यात 'पुरुष' लिहिले होते, आणि दोनशे एक्क्याण्णव.

कलमसाहेब खुर्चीत बसले. पहिल्यांदा त्यांना भीती वाटली. बावन्नाला आता पाच दिवसच उरले होते. पण अठ्ठावीस वर्षांची सेवा भीतीपेक्षा मोठी असते. हात आपोआप खिशाकडे गेला, पेन निघाले, आणि फ्रीजवरच्या कागदावर सोळावा पोटनियम उतरला : पती व पत्नी हे एकच एकक मानावे व दोघांच्या अहवालांची सरासरी ग्राह्य धरावी.

"दोनशे साडेचोवीस," ते म्हणाले. "म्हणजे आधीपेक्षा उतरलंच की गं."

बायकोने सोळाही पोटनियम वाचले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच वाचले. इतके दिवस ती फक्त वरची ओळ पाळत होती.

"आणि उद्या काही झालं तर?" ती म्हणाली. "सरासरीनं कोण जाणार? मी अर्धी का तुम्ही अर्धे?"

कलमसाहेबांनी पेनाला टोपण घातले.

तिने शिवणाची मोठी कात्री आणली. कागद फ्रीजवरून काढला, नियम १ च्या खाली बरोबर अर्धा इंच सोडला आणि सरळ कापला. खालचा लांबलचक तुकडा केराच्या डब्यात गेला, रुमालातला केक त्याच्या मागोमाग गेला. वरची एक ओळ तिने पुन्हा चिकटवली. मग नवऱ्याचे बूट आणून त्याच्यासमोर ठेवले.

"उठा. दोन्ही घाला. चालायला जायचंय."

कलमसाहेबांनी दोन्ही घातले. खाली कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याने सवयीने कागद पुढे केला. बायकोने त्याच्याकडे एकदाच पाहिले, आणि त्याने तो परत घेतला. त्या दिवसापासून कलमसाहेब वीगन आहेत आणि कोणालाही सांगत नाहीत.

कापून टाकलेल्या सोळा पोटनियमांची चिंता वाचकांनी करू नये. कार्यालयीन प्रत सुरक्षित आहे, आणि आजवर दोन हजारांवर लोकांनी तिची नक्कल मागवली आहे. तुम्ही अर्ज केला नाही, याची नोंद घेतली आहे. तुम्हाला तिची गरजच नाही. तुम्ही तर हे वाचता वाचताच ठरवलेत, की आपणही सुरू करायचे. फक्त येत्या सोमवारपासून.

तो सतरावा.