राजकन्येचं पुढे काय झालं

बाबांच्या दहाव्याला मी कुणावरही आवाज चढवणार नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. पुस्तकं वाचणारी माणसं संयमी असतात! एकोडीच्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर माझा संयम अर्धा तास टिकला.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर रुसलेल्या आमदारांसारखे बसून राहिले. एकही खाली येईना. मग गोमाजीकाकांनी मला पुढे ओढून हात जोडले. "दादा, चंद्रकलाचं लगन दिवाळीत लावून देतो!"

कावळे ढिम्म.

"पोरगा नोकरीवाला पाहू!" वच्छलाआत्यानं भर घातली. तरी ढिम्म.

मला संताप आला. बाबांचं काय अडलंय ते मला ठाऊक होतं. दवाखान्यात मी त्यांना एक जाडजूड कादंबरी वाचून दाखवत होते. दोन ग्रहांचं युद्ध, मंत्र्यांची कारस्थानं, आणि शत्रूच्या सेनापतीवर जीव जडलेली राजकन्या. तीस पानं उरली. माझे डोळे दुखत होते. म्हटलं, "बाबा, उद्या वाचू." त्या उद्याला बाबा नव्हते.

म्हणून पुस्तक सोबतच आणलं होतं. उघडलं, तर शेवटची पानं गायब!

"कुणी फाडली?"

काका खाकरले. "बसाले आलेल्या लोकाइले तमाखूच्या पुड्या बांधून देल्या. मांगचीच त घेतली, बाई. समोरची सारी हायेत!"

"काका, गोष्ट मागेच संपते!"

"मंग एवढी कायले तापून राहिली? संपलीच होती न!"

मी अशी ओरडले की कावळे पार पलीकडच्या झाडावर गेले. आता तर पंचाईतच! शेवटी मी रागारागात शेवट रचला. "बाबा, ऐका! युद्ध थांबलं! मंत्री तुरुंगात गेले! राजकन्येनं सेनापतीशी लग्न केलं!"

"दुश्मनासंग?" आत्या दचकली. "तिचा बाप काई नाई बोलला?"

"आत्या, तिला बाप नव्हता!"

मी पुस्तक मिटलं. 

तेवढ्यात एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला!

"पाह्यलं का!" काका ओरडले. "लगनाचंच अडलं होतं!"

दोन महिन्यांनी नागपूरच्या एका वाचनालयात मला ती कादंबरी अख्खी मिळाली. शेवटच्या पानावर राजकन्या स्वतःच्या हातानं सेनापतीला गोळी घालते.

वर्षश्राद्धाला बाबांना खरं सांगून टाकते म्हटलं, तर काका माझ्याहून तापले. "खबरदार सांगशील त! मंग जेवतीन का दादा?"