सव्वा रुपया महाग

आमच्या गल्लीत सकाळी माणसं एकमेकांना राम राम घालतात. रंगनाथआप्पा पेट्रोलचा भाव सांगतात.

"जुन्यावर चार पैशानं उतरलं. नव्यावर काल होतं तेच," एवढं जाहीर केल्याशिवाय ते चहाच्या कपाला हात लावत नाहीत. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. आता एक जुनी स्कूटर तेवढी हाताखाली आहे. भाव बघायला रोज पंपापर्यंत जाण्यातच तिचं निम्मं पेट्रोल संपतं, हे मी त्यांना एकदा आकडे मांडून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, तुमचा हिशोब बरोबर हाय. पण भाव म्हाईत न्हाई तो माणूस आंधळा."

तेलगाव सोडून सिरसाळ्याच्या रस्त्याला लागलं की दोन पंप समोरासमोर आहेत. जुना गावातल्याच मालकाचा. नवा अलीकडे झालेला, दुसऱ्या कंपनीचा आणि लिटरमागे सव्वा रुपयानं स्वस्त. उद्घाटनाला त्यांनी मांडव घातला आणि तीनशेच्या पेट्रोलवर हिरवी बादली फुकट ठेवली. एका गाडीला एकच बादली. आप्पांनी गल्लीतल्या झाडून सगळ्या मोटारसायकली गोळा केल्या आणि वरात काढावी तशा नेल्या, पुढे स्वतः स्कूटरवर. तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणती बादली कोणाची, यावरून बायकांची रोज वादावादी होते.

जुन्या पंपाचे मालक त्या दिवशी रस्त्यावर येऊन ओरडले होते, "आप्पा, माझं गिऱ्हाईक कावून तोडता?"

"भाव बगायचा आन् जायचं. पंपासंगं काय सोयरीक करायचीय का?" आप्पांनी ठणकावलं. गल्ली तिकडे गेली ती गेलीच.

आणि एका सकाळी याच आप्पांनी कप खाली ठेवून सांगितलं, "पेट्रोल टाकायचं तर जुन्यावर टाका."

टपरीवाला बबन म्हणाला, "का हो? भाव उतरला?"

"न्हाई. सव्वा रुपयानं महागच हाय."

"मग?"

आप्पा जरा अडखळले. "जुन्याचं पेट्रोल मुरलेलं असतंय."

"पेट्रोल हाय का लोणचं, आप्पा?" बबन म्हणाला. "का मालकानं सोयरीक जुळवली?"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या पंपाची हवा पातळ असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी जुन्या पंपाचं तोंड पूर्वेला असल्याचं. मी म्हणालो, "आप्पा, माझ्या गाडीला महिन्याला वीस लिटर लागतं. म्हणजे पंचवीस रुपये जास्त. ते कशासाठी द्यायचे?"

"हिशोब राहू द्या हो, भाऊ," आप्पा म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणून मी मुद्दाम जुन्या पंपावर गेलो.

पेट्रोल टाकायला एक बाई होती. अंगात पंपाचा शर्ट, उन्हामुळे डोळ्यांपर्यंत स्कार्फ. "काका, मी सुनीता," ती म्हणाली, तेव्हा ओळखलं. आप्पांची मुलगी. नवरा वारल्यावरही लेकराला घेऊन सासरीच राहिलेली. आप्पांनी किती वेळा पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत, हे गल्लीला ठाऊक होतं. ती इथे लागलीय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"मालक म्हणतेत, गिऱ्हाईक समोर गेलं. असंच ऱ्हायलं तर दिवाळीनंतर एक माणूस कमी करतो," तिनं सांगितलं. "शेवटी लागलेली मीच. पण मी आप्पाला शपथ घातलीय, गल्लीत सांगायचं न्हाई. माझी कीव येऊन कुणी गाडी लावलेली मला न्हाई चालायची."

आता मला ते लोणचं कळलं. गिऱ्हाईक समोर नेलं होतं आप्पांनीच, आणि खरं कारण न सांगता ते परत आणायचं होतं. आयुष्यात खोटा भाव न सांगितलेल्या माणसाला खोटं रचता येत नव्हतं, एवढीच अडचण होती.

"टाकी फुल कर," मी म्हणालो. "तिकडं लई गर्दी असते."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं, मग नळी घातली. खरं तर समोर त्या वेळी एकही गाडी नव्हती.

मी चाकात हवा भरत होतो, तेवढ्यात आप्पांची स्कूटर आली. सुनीतानं स्कार्फ खाली ओढला. चेहरा उन्हानं रापला होता. तिनं टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं.

"सकाळीच टाकलंय की, आप्पा. कुठं मावंल?"

"मावंल तेवढं टाक."

"शून्य बगा."

"बगितलं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, मीटर तिकडं हाय."