बाक विकल्यावर

सलूनमधला लाकडी बाक विकला, तेव्हा सलूनवाला खुशीत होता. त्याच्या लेकीने मोबाइलवरून नंबर लावायची सोय करून दिली होती. "आता कुणी ताटकळणारच नाही, तर बाक कशाला, बाबा?" बाकाच्या जागी दुसरी खुर्ची आली आणि धंदा वाढला.

फक्त समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरची पंचाईत झाली. तो सलूनवाल्याचा शाळेपासूनचा मित्र. रोज दुपारी बाकावर बसून गप्पा हाणायचा. दोन दिवस त्याने उभ्याने गप्पा मारल्या, पण गिऱ्हाइकं आरशातून डोळे वटारायला लागली. शेवटी त्याने मुकाट्याने नंबर लावला.

"काय कापू?"

"काहीही काप रे, बसू दे म्हणजे झालं."

महिन्याभरात डॉक्टरचं डोकं तुळतुळीत झालं. मग दाढी सुरू झाली. एकदा गालावर फेस असतानाच तो सांगत होता, परगावी गेलेला मुलगा फोनसुद्धा करत नाही म्हणून. तेवढ्यात दारात पुढचं गिऱ्हाईक आलं आणि सलूनवाला सवयीने बोलून गेला, "चला, वेळ झाली."

डॉक्टरने गालावरचा फेस स्वतःच पुसला आणि तो निघून गेला. पुन्हा फिरकला नाही.

सलूनवाल्याच्या जिवाला चैन पडेना. काय बोलून बसलो आपण! डॉक्टर मोबाइल उचलेना. दवाखान्याच्या नंबरावर बाईचा छापील आवाज म्हणाला, "दात दुखत असल्यास एक दाबा." मित्र दुखावला असल्यास काय दाबायचं, हे काही बाईने सांगितलं नाही. त्याने एक दाबलं.

दवाखान्यातल्या खुर्चीत टेकताच सलूनवाला म्हणाला, "अरे, त्या दिवशी मी..."

"आ कर." डॉक्टरने कापसाचे बोळे कोंबले, पण त्याला राहवेना. "पोराचा फोन आला रे शेवटी. सांगायचं कुणाला, तेच कळेना."

साचलेलं सगळं तो बोलत सुटला. सलूनवाला नुसता "आँ, आँ" करत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

मदतनीस बाई दारातून डोकावल्या. "डॉक्टर, पुढचे पेशंट आलेत."

डॉक्टरने बोळे काढले. "दात ठणठणीत आहे तुझा. काय म्हणत होतास?"

एवढ्याशा वेळात माफी कुठली मागून होते? सलूनवाल्याने घाईघाईने गालावर बोट ठेवलं. "हा नाही रे, पलीकडची दाढ दुखतेय."

"ती मीच काढलीय गेल्या वर्षी," डॉक्टर म्हणाला. क्षणभर तो त्याच्याकडे बघत राहिला, मग दाराकडे वळला. "बाई, बाहेर सांगा, केस अवघड आहे. वेळ लागेल."