किसनमामांचे पेच

किसनमामा सुतार डोळे मिटून नव्या पेटीवरून तळहात फिरवायला लागले, की गिऱ्हाईक मनातल्या मनात देवाचा धावा करी. हात सरळ गेला तर पेटी घरी जायची. मध्येच थबकला, तर गिऱ्हाइकाने चपला घालाव्यात हे उत्तम.

हात थबकायचा तो एखाद्या पेचापाशी. पेच पिळून बसवताना किसनमामा आधी सामत्याने भोक पाडत, मग भोकाच्या तोंडाशी रुंद पात्याने वाटीसारखा खळगा करत. पेचाचं डोकं त्या वाटीत बसून लाकडाशी सपाट होई. इथवर ठीक. पण मामांना सगळ्या वाट्या एकाच खोलीच्या लागत. त्यासाठी त्यांनी पात्यावर बाभळीच्या लाकडाचं कडं चढवलं होतं. कडं फळीला टेकलं की पातं पुढे जात नसे. त्याला ते 'लगाम' म्हणत. असाच एक लगाम त्यांच्या जिभेला बसवता आला असता, तर आमच्या कळमनुरी गावावर फार उपकार झाले असते.

माझं किराणा दुकान त्यांच्या शेजारीच. आमच्या मध्ये एक कुडाची भिंत होती. तिच्यातून त्यांचा भुसा माझ्या गुळावर यायचा आणि त्यांची बोलणी माझ्या कानावर.

एका देशमुखांनी लेकीच्या लग्नासाठी पेटी सांगितली. पेटी झाली, हात फिरला आणि थबकला.

"ह्यो एक जादा पिळून खाली गेलाय," मामा म्हणाले. "पंगतीत एकजन खड्ड्यात बसल्यावानी दिसून राहिला."

"मामा, मला पेटीत लुगडी ठेवायची हायेत. पंगत न्हाई बसवायची."

"मंग गाठोडं बांधा. पेटी काहून पायजे?"

नवरी खरोखरच गाठोडं घेऊन सासरी गेली. पेटी मागाहून पोचली, तेव्हा त्या घरात पाळणा हलत होता.

लोकांच्या घरात शिरून दुसऱ्याचं काम तपासायचीही त्यांना खोड होती. गल्लीतले एक म्हातारे वारले, तेव्हा मामा भेटायला गेले. बाया रडत होत्या आणि हे दाराच्या चौकटीवरून हात फिरवत उभे. थोड्या वेळाने त्यांनी थोरल्या मुलाला हळूच विचारलं, "ही चौकट कोन्या गाढवानं ठोकली?"

मुलगा म्हणाला, "दादांनीच."

दादा समोर तिरडीवर होते. त्यांच्याकडे बघून मामा म्हणाले, "मानूस चांगला व्हता. सुतारकीत पडायला नको व्हतं." त्या घराने पुढे दिवाळीचा फराळ त्यांना कधी पाठवला नाही. बायको गेल्यावर मामांकडे चूल अशी धड पेटत नसे, तेव्हा फराळ कामाला आला असता. पण एकेक घर असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने तोडलेलं होतं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात दंग्याची भीती गावात पसरली. रोज नवी बातमी यायची. माणसं गाड्या जुंपून पैनगंगेची हद्द ओलांडून वऱ्हाडात जायला लागली. आम्हीही निघायचं ठरवलं. अडचण आईची होती. ती कित्येक महिने अंथरुणावर होती आणि तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. बैलगाडीच्या दांड्यांवर तिला निजवता येत नव्हतं. सलग फळ्यांचा तळ हवा होता, आणि गावात राहिलेला सुतार एकच.

सकाळी गल्लीतल्या गाड्या एकत्र निघायच्या होत्या. मामा आमच्या गाडीत बसून वाट्या पाडत होते.

"मामा, वर गोधडी टाकायची हाये. ठोका कसंबी."

"गोधडी सरकती," ते मान वर न करता म्हणाले.

गाड्या निघाल्या. मागे फिरून बघणाऱ्यांना मी हात केला, पण थांबा म्हणायची सोय नव्हती. जो तो आपल्या लेकराबाळांना घेऊन निघालेला. ऊन चढलं. एकट्या गाडीने त्या रस्त्याला जायच्या भीतीने तोंडाला येईल ते मी मामांना बोललो. तुमच्या हट्टापायी माझं घर मरेल, असंही म्हणालो. त्यांनी शेवटचा पेच पिळला.

आता डोळे मिटून हात फिरवतील आणि सगळं उचकटतील, म्हणून मी पुढे झालो. पण त्यांनी हात फिरवला नाही. अंगातली बंडी काढली आणि ते त्या फळ्यांवर उघड्या पाठीने निजले. हाडं वर आलेली पाठ होती. या कुशीवरून त्या कुशीवर झाले, थोडे वर सरकले, खाली सरकले. मग उठून एका पेचाला अर्धा फेरा दिला आणि पुन्हा निजून बघितलं.

"आना आक्काला," ते म्हणाले.

आईला आम्ही दोघांनी उचलून ठेवलं. मी खाली मान घालून म्हणालो, "मामा, तुमीबी चला."

"तिकडं माझं कोन हाये?" ते हत्यारं गोळा करत म्हणाले. "हितं निदान वळखीची मान्सं शिव्या देत्यात."

तरी ते वेशीपर्यंत गाडीमागून चालत आले. खड्डा आला की चाकाला खांदा लावत आणि बैलांना, मला, रस्ता करणाऱ्याला नावं ठेवत. वेशीपाशी त्यांनी गाडीवरचा हात काढला. आईने आतून विचारलं, "किसना हाये का रं?"

"हाये आक्का."

"वेळेवर जेवत जा, बाबा."

गाडी पुढे गेली, आई पुन्हा म्हणाली, "ऐकलं का?" तेव्हा लांबून आवाज आला, "व्हय."

मी वळून बघितलं. बंडी अजून खांद्यावरच होती आणि ते तिच्या टोकाने तोंड पुसत होते.