बापूरावांचा ऑफसाइड

बापूराव वैरागड्यांनी गोल होताना कधी पाहिला नाही. आणि हा माणूस स्वतःला जबलपुरातला सगळ्यात मोठा हॉकीवेडा म्हणवतो! राग येणार नाही तर काय? चेंडू गोलासमोरच्या अर्धवर्तुळात शिरला की हे मैदानाकडे पाठ करतात, दोन्ही कानांत बोटं घालतात आणि मला कोपरानं ढोसतात. काय झालं, सांग ना, काहून गप्प आहेस? कानांत बोटं घातलेल्या माणसाला काय सांगायचं, कपाळ?

बापूराव आमच्या तहशील कचेरीत नाझर, आणि मदन महालकडे माझे शेजारी. म्हणजे दिवसा साहेब आणि संध्याकाळी भिंतीपलीकडे. सुटका कुठेच नाही. एरवी चिडके असले तरी सोसवतात. पण पावसाळा सरून हॉकीची बाद फेरी लागली, की अंगात वारं शिरल्यासारखे करतात. दूधवाल्याशी भांडण, न्हाव्याशी भांडण. सिहोऱ्याचा एक मालगुजार, चांगला मोठा जमीनदार, सामन्याच्या दिवशी काम घेऊन आला, तर त्याला म्हणाले, "भैयाजी, आज सरकार बंद है." तो बिचारा खरंच परत गेला. मागल्या साली अंपायरवरचा राग त्यांनी माझ्या नव्या छत्रीवर काढला, खांबावर आपटून तिच्या काड्या केल्या, आणि वर मलाच विचारलं की इतकी कच्ची छत्री काहून घेतली!

त्यांचा एकुलता एक मुलगा मनोहर, आमचा मन्या, गोलकीपर. बरा नव्हे, उत्तम. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका क्लबानं नोकरी देऊन त्याला नेलं. पोरानं कॉलेज सोडलं म्हणून बापूराव चिडले नाहीत. पगार थोडा म्हणूनही नाही. नागपूरचा शर्ट घातला म्हणून चिडले! घरात पाय ठेवू नको म्हणाले. पोरगाही बापाचाच, त्यानं खरोखरच ठेवला नाही. मधल्या मधे मन्याची आई, आमच्या काकू, वाळत चालल्या. असल्या हट्टी माणसांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालावी, असं मला आजही वाटतं.

यंदा नागपूरकर स्पर्धेला आमच्याच गावात आले आणि जिंकत राहिले. बाद फेरीचा कायदा सरळ आहे. हरला त्यानं संध्याकाळच्या गाडीनं आपलं गाव गाठायचं. बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायचं. म्हणजे नागपूर हरेपर्यंत मन्या गावात. धर्मशाळेत उतरला होता. काकू रोज दोन भाज्या करायच्या आणि दाराकडे बघत बसायच्या. एकदा मी धीर करून बापूरावांना म्हटलं, पोराला बोलावून घ्या. तर म्हणाले, नागपूरच्या लोकांसाठी आमच्याकडे पानं मांडत नाहीत. मी त्या दिवशी त्यांच्या घरचा चहा न घेता उठलो.

आणि मग सामना पडला जबलपूर विरुद्ध नागपूर. बापूराव दुपारीच माझ्या टेबलाशी उभे. मी म्हटलं, डोकं दुखून राहिलं आहे. ते म्हणाले, चलो.

सामना बराच वेळ कोरा चालला. मन्यानं काय काय अडवलं! आमचे लोक त्याला शिव्या घालत होते. मीही घातल्या, खोटं कशाला बोलू. शेवटची काही मिनिटं राहिली असतील. आमचे फॉरवर्ड चेंडू घेऊन आत घुसले आणि मी सवयीनं कोपर चुकवायला सरकलो. कोपर आलंच नाही. बघतो तर बापूराव समोर तोंड करून उभे. मैदानाच्या कडेची दोरी मुठीत गच्च धरलेली, डोळे मन्यावर. तेवढ्यात चेंडू मन्याच्या पॅडाला चाटून आत गेला आणि मागची फळी वाजली. टोप्या उडाल्या. मी एका अनोळखी शिपायाला मिठी मारली.

बापूराव दोरीखालून मैदानात घुसले. धोतराचा सोगा हातात धरून थेट अंपायरपुढे. ऑफसाइड है, गोल काटो, कल फिर खेलाओ! आपल्याच गावानं केलेल्या गोलावर! अंपायर आधी हसला, मग त्यानं यांना बाहेर काढा म्हणून खूण केली. लोक खवळले. कोणी टोपी ओढली, कोणी नागपूरचा दलाल म्हणालं. मी ओढून काढलं म्हणून वाचले, आणि त्यात माझ्या कोटाची बाही उसवली.

टांग्यात बसवलं आणि मी तोंड सोडलं. साहेब असतील कचेरीत.

"आपणच जिंकलो ना, काका? मग काहून तमाशा करून राहिले?"

ते टोपी झटकत बसले. मग म्हणाले, "जिंकलो रे. पण ते लोक आता गाडीनं जातील ना."

माझा राग असा उतरला की मलाच लाज वाटली. टांगेवाल्याला म्हटलं, घर राहू दे, स्टेशन चलो. बापूराव नाही म्हणाले नाहीत. घोडा मरतुकडा आहे म्हणून मात्र रस्ताभर टांगेवाल्याशी भांडले.

फलाटावर नागपूरची पोरं स्टिकांच्या मोळ्या बांधून उभी होती. मन्या एकटाच ट्रंकेवर, मान खाली घालून बसलेला. गोल त्याच्यावर झाला होता, कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. बापूराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता इथेही तमाशा.

"तो गोल तुझ्यावर नाही," ते म्हणाले. "ऑफसाइड होता."

मन्यानं वर पाहिलं. गोलात उभ्या असलेल्या माणसाला सगळ्यांत नीट दिसतं.

"हो बाबा," तो म्हणाला. "होता."

मग त्यानं सरकून ट्रंकेवर जागा केली आणि बापूराव त्याच्याशेजारी बसले. गाडीला अजून थोडा वेळ होता. गोल सोळा आणे खरा होता. पण मला कोणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी ऑफसाइडच म्हणालो असतो.