लाडू बाळंतिणीचे, पोट मामाचं

"पहिलं बाळंतपण माहेरीच होणार," असं मी ताडकन बोलून गेलो आणि तिथंच फसलो.

आई अचानक गेली तेव्हा रूपाताईला नववा लागला होता. आईच्या पुण्यानुमोदनाला जेवणं उरकल्यावर ताईच्या सासूबाई, चतुराबाई, माझ्या वडिलांना अगदी मायेनं म्हणाल्या, "घरात आता बाईमाणूस नाय. पोरीचं आम्हीच बघतो. तुम्ही दोघं गडी काय करणार?"

वडील गप्प. (आई गेल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. चहा पाहिजे असला तर कप वाजवायचे.) मला मात्र ते 'दोघं गडी' असं लागलं, की आई गेल्याची बातमी जणू चतुराबाईंनीच मला पहिल्यांदा सांगितली.

"पहिलं बाळंतपण माहेरीच होणार. मी करतो!" मी म्हणालो.

"तू?"

"व्हय, मी."

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मी आठवी नापास, वाळूजच्या एका कंपनीत हेल्पर. बाळंतपणाचा अनुभव एकच, तोही माझ्या स्वतःच्या जन्माचा.

आता एक कबुली. आईनं जायच्या आठ दिवस आधी ताईसाठी डबाभर डिंकाचे लाडू करून फळीवर ठेवले होते. "हे बाळंतिणीचे. सम्यक, हात लावलास तर हात मोडीन," असं मला बजावलं होतं. आई गेली. पहिल्या पाळीवरून दुपारी घरी आलो की घर खायला उठायचं. एकदा असाच डबा उघडला. वास आला आणि आई शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. एक खाल्ला, पोटभर रडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दुःखात माणसं दारू पितात, मी लाडू खात होतो. (दारू बरी. लोक समजून तरी घेतात.) ताई दवाखान्यातून पोरगी घेऊन घरी आली तोवर डबा चाटूनपुसून साफ होता आणि माझ्या पँटचं बटण लागत नव्हतं.

ताईला अंघोळ घालायला, मालीश करायला शेजारच्या केसरबाई यायच्या. बाकी सगळं माझ्याकडं. मी दुपटी धुतली, भाकरी थापल्या. (नकाशातले देश जमले, गोल एकही नाही.) पण ताई ताटाकडं बघायचीच नाही. आई गेल्यापासून ती रडली नव्हती आणि आता जेवतही नव्हती. भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पोरगी ओढून ओढून दमायची आणि मांजराच्या पिलासारखं बारीक रडायची.

सातव्या दिवशी सरकारी दवाखान्याकडून बाळाचं वजन करायला आशाताई आल्या. रत्नमालाताई त्यांचं नाव, आईच्या ओळखीच्या. "जय भीम मामा," म्हणत त्यांनी पोरीला झोळीत घातलं, झोळी काट्याला अडकवली आणि काटा दोनदा बघितला. जन्मली तेव्हा अडीच किलो होती. आता दोन किलो तीनशे.

"रूपा, पोटात अन्न नाय तर दूध कुठून येणार गं? दर दोन तासांनी पाज तिला. चौदाव्या दिवशी वजन भरलं नाय तर भरती करावं लागंल."

"आणि तुला आम्ही घेऊन जाऊ," बघायला आलेल्या चतुराबाई म्हणाल्या. पण माझं लक्ष 'भरती'वरच अडकलं होतं. आई भरती झाली होती. परत आली नव्हती.

त्या दोघी गेल्यावर मी हात जोडले. "ताई, काय खाशील सांग. काहीही मिळंल."

ती पहिल्यांदा वळली. "आईनं लाडू केले होते ना? फोनवर म्हणाली होती. ते दे."

जगातली एकच गोष्ट तिला पाहिजे होती आणि ती माझ्या पोटात होती.

"देतो," म्हणालो आणि गाडीला किक मारली. गुलमंडीतून डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप, सगळं आणलं. दुकानदाराला विचारायची लाज वाटली. आईला बघून बघून आलंच असेल, असं मनाशी म्हणालो. खारीक-खोबऱ्याबरोबर डिंकही खलबत्त्यात घालून कुटला, गुळाच्या पाकात सगळं ओतलं आणि हात भाजून घेत लाडू वळले. दिसायला हुबेहूब. आईच्या डब्यात भरून ताईपुढं ठेवले.

तिनं एक उचलला. वास घेतला. चावला.

आणि तोंड उघडेना! वरचे दात खालच्या दातांना चिकटले. "म्म्म्!" ताई हातवारे करतेय, मी पाणी आणू की पाना आणू म्हणून घरभर धावतोय. तेवढ्यात दारातून महिनाभरानं वडिलांचा आवाज आला.

"डिंक तळून घेत्यात."

"मग आधी का नाय सांगितलं?"

"तू विचारलंस व्हय?"

गरम पाण्यानं ताईचं तोंड सुटलं. "हे आईचे नायत. आईचे कुठं गेले?"

मी नुसता पोटावर हात ठेवला.

"सगळे?"

"सगळे."

तिनं डब्याचं झाकण फेकून मारलं. नेम बरोबर बसला. मग ती हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "आई असती तर तुझा..." आणि 'असती'वर अडकली. मग जी रडली! मी रडलो, दारात वडील रडले, आमच्या आवाजानं पोरगी उठली आणि आमच्या सगळ्यांच्या वरताण रडायला लागली. तिचा आवाज ऐकून ताईला पान्हा फुटला, पदर भिजला. ताईनं तिला छातीशी घेतलं आणि नाक पुसत मला म्हणाली, "भाकरी आण. वाकडी असंल तरी चालंल. हे दगड तेवढे उचल."

चौदाव्या दिवशी घरात कुणी श्वास घेत नव्हतं. चतुराबाई तर काट्याला नाक लावून बसल्या होत्या. काटा अडीचच्या पुढं गेला.

"वा!" रत्नमालाताई म्हणाल्या. "डिंकाचे लाडू लागू पडले बघा."

ताईनं माझ्याकडं बोट केलं. रत्नमालाताईंनी माझ्या पोटाकडं बघितलं. तिथं शर्टचं शेवटचं बटण कसंबसं तग धरून होतं. मग त्यांनी झोळी काखेत मारली आणि निघता निघता चतुराबाईंना बजावलं, "बाळाला आईचं दूध, दुसरं काय नको. रूपाला सगळं खाऊ द्या. आणि ह्या दुसऱ्या बाळंतिणीचे लाडू आजपासून बंद."